रिलक्टंट म्हणजे…

कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली होती. सायकलवरून जाता जाता वृषालीने एक ऊस ओढला… आणि तो सुटला तो थेट मागून येणाऱ्याच्या नाकावर.

"ऊस खायचा का माणूस मारायचा?" तो नाक चोळत म्हणाला.

"आधी ऊस. माणसाचं बघू."

तो हर्षल, बेलापूरचा. वडील कारखान्यात हंगामी कामाला. गळीत सुरू झालं की यायचं, संपलं की परत जायचं. यंदा त्याने अकरावीही इथंच घेतली होती, आणि संध्याकाळी इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला तो नेमका वृषालीच्या समोर बसायचा.

रेश्मा मॅडमच्या ओसरीवर रोज एक नवा शब्द. त्याचं वाक्य केल्याशिवाय कुणी चप्पल घालायची नाही. वृषालीचा हात सगळ्यात आधी वर जायचा. मग ती बाहेर सायकलची हवा तपासत बसायची… हर्षलचं वाक्य होईपर्यंत.

घरी तिचे पप्पा, उत्तमराव, तोडीच्या टोळीसाठी फोन करकरून वैतागले होते. "ऊस वाळून चाललाय, टोळीचा पत्ता न्हाई." वृषाली गंभीर तोंडाने मान हलवायची. मनात मात्र वेगळंच… शिवारात ऊस उभा, तोवर कारखाना चालू. आणि कारखाना चालू, तोवर तो.

एप्रिलात परीक्षा संपली. शिवार मोकळं झालं. कारखान्याचा भोंगा शेवटचा वाजला. उद्या हर्षल निघणार होता.

त्या संध्याकाळचा शब्द होता 'रिलक्टंट'.

"म्हणजे नाखूष," मॅडम म्हणाल्या.

"माय बैल इज रिलक्टंट," बिभीषणने सांगून टाकलं आणि चप्पल घातली.

"नुसतं नाखूष न्हाई ना, मॅडम?" हर्षल हळूच म्हणाला. "जावं तर लागतंय… पण पाय निघत न्हाई. तसं."

"अगदी तसं. कर वाक्य."

एकेक करून सगळे गेले. ओसरीवर मॅडमसमोर दोघंच उरले.

"वृषाली, तुझं काय अडलंय?"

"सुचंना, मॅडम."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "मी चहा टाकते," म्हणत त्या आत गेल्या.

हर्षलने वही मिटली.

"तुमचा ऊस गेला का?" त्याने विचारलं.

"परवाच गेला."

"पप्पा खूश असतील."

"पप्पा हायेत." ती चटईची काडी सोलत राहिली. "मी रोज देवाला म्हनायचे, टोळी येऊ देऊ नको. घरचा ऊस वाळत होता, तरी… पप्पांना सांगू नकोस."

हर्षल तिच्याकडे बघतच राहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हर्षल इज रिलक्टंट टू गो," तो म्हणाला. "अँड वृषाली…?"

तिने खाली मान घालून वाक्य पुरं केलं. अगदी हळू.

"मोठ्यानं सांग," आतून मॅडम म्हणाल्या, "ऐकू नाही आलं."

"ज्याला यायचं त्याला आलं, मॅडम," हर्षल म्हणाला.