झाकलेला पेला

हिर्शेनाउच्या नगरभवनाखालच्या तळघरातल्या बिअरखान्यात गुरुवारी दुपारी साडेतीनला दोनच गिऱ्हाइकं असत. जेवणाची वर्दळ ओसरलेली, संध्याकाळची अजून यायची असायची. भाजलेल्या डुकराचा आणि आंबवलेल्या कोबीचा वास कमानींखाली घुटमळत राही. खिडक्या नव्हत्याच, त्यामुळे वर ऊन असो की बर्फ, खाली दिवे कायम लागलेले.

मारायकेला तिथे वाढपी म्हणून लागून तीन आठवडे झाले होते. ती कोलोनची. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिला लांबचं गाव हवं होतं आणि मालकीण रोझविटा नोकरीबरोबर राहायला खोली देत होती, म्हणून ती आली. कामाला चलाख होती. एका हातात चार भरलेले पेले घेऊन ती अशी फिरायची की रोझविटासुद्धा, जिने उभ्या जन्मात कुणा नोकराचं कौतुक केलं नव्हतं, कधीकधी "हं" म्हणायची.

तिसऱ्या कमानीखालचं गोल टेबल नेहमीच्या मंडळींचं. तिथे परक्याने बसायचं नाही. पूर्वी सात जण असत, आता दोघं उरले होते. वेंडेलिन क्रापने चाळीस वर्षं नगरभवनाच्या मनोऱ्यातलं घड्याळ सांभाळलं होतं, तर बुर्गहार्डची चौकात बेकरी होती. आल्यावर टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक करायचं, हा त्यांचा नमस्कार. उठून जातानाही तेच. चारला दोघं राखाडी मातीचे पेले तसेच ठेवून वर चौकात जात. मनोऱ्यातलं घड्याळ क्रापच्या खिशातल्या घड्याळाशी जुळतं का ते बघत आणि परत येत. निवृत्तीनंतरही हा नेम एकदासुद्धा मोडला नव्हता.

नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारी बुर्गहार्डचा गुडघा धरला होता.

"तू जाऊन ये बाबा. एकोणचाळीस पायऱ्या आज माझ्याने होत नाहीत."

"म्हातारा झालास."

"तुझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे म्हटलं! आणि घड्याळ मागे पडलं असेल तर मला सांगू नकोस. तुझं रडगाणं ऐकायला पुन्हा एक पेला मागवावा लागतो."

क्राप हसला. त्याने पेल्याखालची पुठ्ठ्याची चकती उचलून आपल्या अर्ध्या पेल्यावर ठेवली आणि तो जिन्याकडे गेला.

थोड्या वेळाने मारायके तिथून गेली. तिने चकती पाहिली, पेला उचलला, उरलेली बिअर ओतून दिली, पेला विसळला, पुसला आणि फळीवर उलटा ठेवला. मोरीवरच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. कोलोनला गिऱ्हाइकाने पेल्यावर चकती ठेवली की त्याचा अर्थ पुरे. ठेवली नाही, तर वाढपी न विचारता पुढचा आणून देतो. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे विचार करायचं काही कारणच नव्हतं.

"पोरी, पेला कुठे गेला याचा?" बुर्गहार्डने विचारलं.

"झाकलेला होता. आवरला."

तो तिच्याकडे बघत राहिला. "झाकलेला म्हणजे माणूस परत येतोय. तोवर जागा त्याची. आवरायचा नसतो तो."

"अरे देवा! आमच्याकडे उलटं आहे हो. थांबा, नवा भरून देते. माझ्याकडून."

"दे. पण..." त्याने जिन्याकडे पाहिलं.

नवा पेला आला. सव्वाचार झाले. साडेचार झाले. अखेर रोझविटाच बघायला गेली आणि लगेच परत आली. एप्रनचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

जिन्याला मध्यावर एक वळण आहे. क्राप तिथे पायरीवर बसला होता, खांदा भिंतीला टेकवून, तोंड खाली तळघराकडे. म्हणजे घड्याळ बघून तो परत येत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. चार वाजून पाच मिनिटांच्या सुमारास गेला असेल, कारण खिशातलं घड्याळ हातातून पडून तेवढ्यावरच थांबलं होतं.

योगायोग, असं सगळेच म्हणाले. मारायकेलाही ते पटत होतं. तरी हात धुताना तिला प्रत्येक वेळी त्या पेल्याचा ओलसर गारवा तळव्याला जाणवे. एका माणसाची जागा आपण आपल्या हाताने पुसून टाकली, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना.

पुढच्या गुरुवारी बुर्गहार्ड एकटाच आला. त्याने टेबलावर दोनदा ठकठक केलं. चार वाजून पाच मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली... सावकाश, जड, म्हाताऱ्या माणसाची. ती वळणापर्यंत आली आणि थांबली. मग बराच वेळ काहीच नाही. मग पावलं परत वर गेली.

"कोण आहे?" मारायकेने हाक मारली.

रोझविटाने रेडिओ मोठा केला. "वाऱ्याने दार आपटतंय," ती म्हणाली. पण वरचं दार तिनेच ओढून घेतलेलं मारायकेने पाहिलं होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. बुर्गहार्डने बिअरला स्पर्शही केला नाही.

"येतोय तो," तो हळूच म्हणाला. "पण खाली कसा येणार? इथे त्याचं काही ठेवलेलं नाही. माझा गुडघा चांगला असता ना, तर त्या दिवशी मी बरोबर असतो. एवढंच डाचतं मला."

"चुकलं ते माझं, काका. तुमचं नाही."

"तुला बोल लावत नाही गं मी."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

चौथ्या गुरुवारी वर बर्फ पडत होता. मारायकेने पावणेचारलाच फळीवरून तोच पेला काढला. अर्धाच भरला, क्रापच्या खुर्चीसमोर ठेवला आणि त्यावर चकती ठेवली. रोझविटाने पाहिलं. मग तिने रेडिओ बंद केला.

चार वाजून पाच मिनिटांनी पावलं आली. वळणावर थांबली. मारायके जिन्याच्या पायथ्याशी गेली.

"क्रापसाहेब," ती म्हणाली, "तुमचा पेला आहे इथे... झाकून ठेवलाय."

पावलं पुढे आली. एकेक पायरी उतरत, शेवटच्या पायरीवरून फरशीवर, फरशीवरून तिच्या इतक्या जवळून की ओल्या लोकरी कोटाचा आणि पाइपच्या तंबाखूचा वास आला. दिसलं काहीच नाही. टेबलावर दोनदा ठकठक झालं.

बुर्गहार्डने सवयीने दोनदा ठकठक केलं. मग त्याने तोंडावर हात धरला आणि तो लहान मुलासारखा रडला.

पुढची पंधरा-वीस मिनिटं तो त्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होता. बेकरीच्या नव्या मालकाला पावाची कड कशी जमत नाही, अमक्याच्या मुलीचं लग्न कसं ठरलं. मारायकेला वाटलं, झालं, सुटलो आपण. आज तीन आठवड्यांनी तिला भूक लागली होती.

मग बुर्गहार्ड उठला. त्याने खालची चकती काढून आपल्या अर्ध्या भरलेल्या पेल्यावर ठेवली.

"आम्ही जरा वर जाऊन येतो. त्या दिवशी माझं राहिलं होतं."

"नका जाऊ, काका." तिने त्याची बाही धरली. "बाहेर बर्फ आहे. गुडघा..."

"गुडघा आज गप्प आहे. पाच मिनिटांचं काम. घड्याळ बघायचं नि यायचं." त्याने तिचा हात अलगद सोडवला. त्याचा चेहरा इतका खुललेला तिने कधी पाहिला नव्हता. "तू फक्त माझ्या पेल्याला हात लावू नकोस."

"नाही लावणार. शप्पथ."

तो वर गेला. पावलं दोघांची वाजली.

मारायके टेबलाशी उभी राहिली. खांद्यावरचं कोरडं फडकं तिने दोन्ही मुठींत धरून ठेवलं, हात दुसरं काही करायला मोकळे राहू नयेत म्हणून. त्याच्यामागे धावत जावं असं तिला वाटत होतं, पण मागे कुणी पेला उचलला तर? एकदा चुकली होती ती. आता जगाने काहीही म्हणो, हा पेला हलणार नव्हता.

"मारायके, चार नंबरवर माणसं बसलीत!" रोझविटाने आवाज दिला.

"नाही येत मी. मालकीणबाई, जरा वर जाऊन बघता का?"

"मी एकदा बघून आलेय," रोझविटा म्हणाली आणि स्वतःच चार नंबरवर गेली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मारायकेने डोळ्याची पापणीही लवू दिली नाही, निदान तिला तरी तसंच वाटत होतं. पेला समोर होता, चकती त्यावर सपाट होती.

पाऊण तासाने जिन्यावर पावलं आली. दोघांची. एक सावकाश आणि जड, दुसरं एका पायावर जरा जास्त भार देणारं. तिने सुटकेचा श्वास सोडला. पावलं वळणापर्यंत उतरली.

आणि तिथेच थांबली.

"या ना," ती म्हणाली. "काका, या ना... पेला आहे तुमचा. मी हात लावलेला नाही."



तिने बुर्गहार्डच्या पेल्यावरची चकती उचलली. आत बिअर नव्हती. त्या दिवशी क्रापचा केला होता तसाच हाही पेला विसळून, पुसून लख्ख कोरडा होता, नुकताच फळीवरून काढल्यासारखा. तिच्या मुठीतलं फडकं ओलंचिंब झालं होतं आणि त्याला बिअरचा वास येत होता.