गोळ्यांनी दिलेला रंग

पोहण्याच्या तलावात उतरून दोन हात मारते न मारते, तोच कर्कश शिट्टी वाजली. काठावरचा जीवरक्षक मलाच बाहेर बोलावत होता. बाहेर आले, तर त्याने टॉवेल पुढे केला आणि काळजीने म्हणाला, "ओठ निळे पडलेत तुमचे. नखंसुद्धा. इतकी थंडी वाजत होती, तर सांगायचं ना..."

मला हसू आवरेना. त्याला सांगितलं, की थंडीचा काही संबंध नाही. मला लहानपणापासून फिट यायच्या. त्या ज्या गोळ्यांनी थांबल्या, त्यांनीच हा रंग दिला. लोक चोरून बघतात, पण माझी त्या गोळ्यांविषयी तक्रार नाही. त्यांच्यामुळे मी नोकरीला लागले, एकटी रस्ता ओलांडू लागले, आईला शांत झोप लागू लागली.

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मग तर पाण्यात तुमच्याकडे लक्ष ठेवायला हवं.

"ठेवा की," मी म्हटलं.

त्याने ते इतकं मनापासून ठेवलं, की बाकावर बसून माझी वाट बघणारी आई एकदा म्हणाली, हा मुलगा बाकीच्यांना बुडवणार.

पुढे डोळे तपासताना, हा रंग डोळ्यांच्या आतही उतरतोय, अशी डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी गोळ्या बदलल्या. ओठांचा रंग हळूहळू उतरेल, कदाचित पूर्ण जाणार नाही, म्हणाले. नवं औषध लागू पडेपर्यंत पोहणं बंद. तेवढंच त्याला सांगायला आईबरोबर गेले... आणि तलावाच्या दारातच फिट आली.

शुद्धीवर आले, तेव्हा मी कुशीवर होते. डोक्याखाली त्याचा शर्ट होता. पूर्वी एकाने हे पाहिलं आणि त्याचे फोनच बंद झाले होते. म्हणून मीच म्हटलं, "बघितलंत ना. जायचं असेल तर... मी राग धरणार नाही."

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "पुढच्या वेळीही घाबरेन. पण तेव्हा जवळ मीच असावं, असं वाटतं — आणि एरवीही."

आई उगाचच पाणी बघायला लांब गेली.

जीभ चावली गेली होती, शब्द धड फुटेनात. तरी जोर लावून म्हटलं, "मलाही."

त्याला ते कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं... आणि दुखऱ्या जिभेने मी तेच पुन्हा, अगदी सावकाश म्हटलं.