बाबा ‘उतरा’ म्हणेपर्यंत

विश्वास ठेवायलाच हवा असं नाही. पोलिसांनीही ठेवला नाही. पण हे घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत, गेल्या हिवाळ्यात, भर दुपारी.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. आईला मावशीकडे पोचवायचं होतं. आधी घाट, मग लांबलचक बोगदा, मग तलावापलीकडे नेणारी फेरीबोट.

बाबांनी आयुष्यभर घाटात बस चालवली. घरच्या गाडीतही त्यांचा एक नियम असे. मी ‘उतरा’ म्हटल्याशिवाय कुणी बेल्ट काढायचा नाही.

“आता तिकीटही फाडा,” आई म्हणायची. पण बसून राहायची.

त्या दिवशी गाडी मी चालवत होते. आई शेजारी होती.

बोगद्याच्या मध्यावर इंजिन बंद पडलं.

मागेपुढे एकही गाडी नव्हती. मग बोगद्याच्या छताला लावलेले पंखेही थांबले...

मी बेल्टचं बटण दाबलं. निघेना. आईचाही निघेना. हिसके देऊन देऊन माझी बोटं सोलवटली.

आई मात्र शांत होती.

“उगाच ओढू नकोस. त्यांनी अजून म्हटलं नाही.”

मी बटणावरचा हात काढला.

थोड्या वेळाने इंजिन सुरू झालं. किल्लीला मी हातही लावला नव्हता.

फेरीबोटीत गाड्या खालच्या मजल्यावर लावून सगळ्यांनी वर जायचं असतं. माणसं गेली. जिन्याचं लोखंडी दार बंद झालं. आम्ही तशाच अडकलेल्या.

आणि मग... खट्.

आईचा बेल्ट सुटला होता.

ती मागच्या रिकाम्या सीटकडे वळून हसली. लग्नाच्या फोटोत हसते तशी.

“आले हो,” म्हणाली आणि उतरली.

मी हाका मारल्या. काच खाली होईना, दार उघडेना. गाड्यांच्या रांगेतून ती चालत गेली... जिन्याकडे नाही. बोटीच्या टोकाकडे, जिथे नुसती लोखंडी भिंत आहे.

पलीकडच्या काठावर एका खलाशाने माझं दार उघडलं. त्याने बटण दाबताच बेल्ट निघाला.

आई वर नव्हती. कुठेच नव्हती.

“ताई, बोटीवर आलात तेव्हा तुम्ही एकट्याच होतात,” तो म्हणाला.

मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. बेल्ट लावलेला होता... कुणीतरी बसल्यासारखा फुगलेला.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. कुठेही थांबली, तरी मी लगेच बेल्ट काढत नाही. कान देऊन बसते.

मला अजून कुणी काही म्हटलेलं नाही.