गाव ऐकत होतं

चादर घेऊन अल्बा रस्त्यावर धावली, तेव्हा समोरून जो पहिला माणूस आला त्याच्यावरच ती तुटून पडली.

"बघ! बघ काय करून ठेवलंत तुम्ही लोकांनी!"

नदीपलीकडचा उसाचा फड तोडणीआधी पेटवला होता. जळक्या पाचटाची काळी, हलकी राख तरंगत तरंगत टोरेल गावावर उतरत होती... आणि हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी नेमक्या दोरीवर. अल्बाच्या आईनं सकाळपासून घासलेल्या!

समोरचा माणूस नखशिखांत काजळलेला होता. हातात कोयता. दात तेवढे पांढरे.

"मी पेटवत नाही," तो म्हणाला. "मी फक्त तोडतो."

"मग हसतोस कशाला?"

"तुझ्या नाकावर पण आहे... इथं." त्यानं स्वतःच्या नाकावर बोट फिरवलं, आणि त्या काळ्या तोंडावर एक गोरी रेघ उमटली.

अल्बाचा राग कुठल्या कुठे पळाला. इतकं हसू आलं की चादरीचं टोक मातीत पडलं.

त्याचं नाव इन्याकी. स्पेनमधल्या बास्क डोंगरातला. ऊसतोड्यांच्या टोळीबरोबर जूनमध्ये इथं क्वीन्सलंडला यायचा, डिसेंबरात जायचा. रविवारी तो अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा अंघोळ केलेल्या त्या माणसाला अल्बानं ओळखलंच नाही.

"चादरी पिळायला आलोय," तो म्हणाला. "नुकसानभरपाई."

"पण तू तर पेटवत नाहीस ना?"

"नाही... पण तू रागावलीस की छान दिसतेस."

एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. पीळ बसत जायचा, पाणी गळायचं, आणि चादर आखडत आखडत दोघांचे हात अगदी जवळ यायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई मुद्दाम मोठ्यानं खोकायची.

टोरेलमध्ये गुपित टिकणं कठीण. पीनामावशीच्या बेकरीत पाव आणि बातमी एकाच भट्टीतून गरम गरम निघायचे.

"काय गं अल्बा, हॉटेलातली माणसं हल्ली फार लोळतात वाटतं? रविवारीसुद्धा चादरी!" मावशी विचारायची. केस कापता कापता अर्धं गाव भादरणारा तुल्लिओ न्हावी रांगेतून डोळा मिचकावायचा. अल्बा कानापर्यंत लाल व्हायची. वर म्हणायची, "मला काय त्याचं!"

डिसेंबर आला. कारखान्याचा भोंगा थांबला. त्या सकाळी बेकरीत गर्दी होती. इन्याकी आत आला आणि सरळ तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

"अल्बा, टोळी उद्या जाते. दक्षिणेला, फळं तोडायला." त्यानं टोपी हातात चुरगाळली. "मी... थांबू?"

मावशीची सुरी हवेतच. तुल्लिओची मान वळलेली. 'थांब' हा शब्द अल्बाच्या अगदी ओठांवर आला होता—पण एवढे कान!

"मला काय विचारतोस? मावशीला विचार," ती मान उडवत म्हणाली. "तिला गिऱ्हाईक हवंच असतं!"

सगळे खो खो हसले. इन्याकीही हसला... पण जरा उशिरानं. मग पाव घेऊन निघून गेला.

जूनमध्ये येईलच की, तेव्हा सांगू, असं तिनं मनाला बजावलं. पण त्या वर्षी ऊस तोडायला यंत्रं आली. टोळ्यांच्या झोपड्या रिकाम्याच राहिल्या. अल्बा रोज दुपारी बसथांब्यावर जाऊन उभी राहायची.

"रोज बसला सामोरी जातेस," तुल्लिओ दारातून ओरडला, "कंडक्टरशी जमलंय की काय?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती गेली नाही. घरात इस्त्री करत बसली. त्यानंतरही गेली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, टाउन्सव्हिलच्या बाजारात कलिंगडांच्या ढिगाआडून कुणीतरी हाक मारली, "अल्बा?"

इन्याकी होता. कानशिलांवरचे केस पिकले होते. दक्षिणेत त्याची बाग होती. बायको, दोन मुली.

"आणि तू?" त्यानं विचारलं.

"मी तिथंच. आई गेली. एकटीच असते."

तो कलिंगडावरून हात फिरवत राहिला. "मी आलो होतो गं. पुढच्याच जूनमध्ये. काम नव्हतं, राहायला जागा नव्हती... म्हटलं, तू दिसलीस तर उतरायचं. बस थांबली, सुटली. गुरुवार होता."

गुरुवार. इस्त्रीचा.

"बेकरीत मी 'थांब' म्हणणार होते," अल्बा म्हणाली. "जिभेवर होतं."

"म्हणाली असतीस तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. पलीकडून एका मुलीनं "बाबा!" म्हणून हाक मारली. त्यानं अल्बाचा हात क्षणभर घट्ट धरला... आणि गेला.

संध्याकाळी ती परतली. बेकरीत रांग होती. तुल्लिओही होता, काठी टेकून. मावशी आता खुर्चीत बसूनच पाव कापायची.

"कुठं होतीस गं दिवसभर?"

"इन्याकी भेटला," अल्बा म्हणाली. आवाज तिनं मुळीच खाली आणला नाही. "माझं प्रेम होतं त्याच्यावर. अजून आहे."

कुणी हसलं नाही. तुल्लिओनं नजर खाली वळवली.

"माहीत होतं गं पोरी," म्हातारी हलकेच म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं."

"हो ना," अल्बा म्हणाली. "त्यालाच तेवढं कुणी सांगितलं नाही."

तिनं पाव उचलला, आणि घरी निघाली.