खालच्या दोन ओळी

पुस्तकं बांधण्यात तिची वीस वर्षं गेली होती, पण वडिलांचं हे पुस्तक बांधायला घ्यायचा, ते गेल्यावर सहा महिने तिला धीर झाला नाही. एका जपानी कवीच्या हायकूंचं ते जुनं भाषांतर. त्याच्याच वाचनातून वडिलांची त्रोटक, कोरडी नवकविता जन्मली, असं त्यांचे प्राध्यापक मित्र ज्याला त्याला ऐकवत. शेवटच्या वर्षी अर्धांगवायूने वडिलांची वाचा गेली, तेव्हाही हे पुस्तक त्यांच्या उशाशी असे. रोज दुकान बंद करून ती त्यांच्याजवळ बसायची, त्यांची नखं कापायची. ते नुसते बघायचे. त्यांनी आपल्याला ओळखलं होतं की नाही, हे एकच तिला आतून खात होतं.

दुपारच्या उन्हात तिने शिवण उसवली आणि उभ्यानेच एकेक पान पुसायला घेतलं. पानाच्या एकाच बाजूला छपाई होती, तीन ओळींची. खाली वडिलांच्या पेन्सिलीतल्या दोन.

ओल्या पायरीवर
कुणी विसरलेली
एकच वहाण.

खाली पेन्सिलीत: 'दुसरी घालून तो / अर्ध्या वाटेवर असेल.'

तिला हसू आलं. बाबा कुणाला शेवटचा शब्द थोडाच बोलू देणार! मग पुढचं पान.

अर्ध्या वाटेवर
चहावाली म्हातारी विचारते:
एक पाय अनवाणी?

तिने पान दोनदा वाचलं आणि प्राध्यापकांना फोन लावला.

"काका, हेच पुस्तक तुमच्याकडे आहे ना? बारावं पान वाचा बघू."

काकांनी सावकाश वाचलं. त्यांच्या पानावर बगळा होता, धुकं होतं. म्हातारी नव्हतीच.

"तुझी आवृत्ती वेगळी असेल गं."

"एकच निघाली होती. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

काकांनी आपली प्रत पुन्हा चाळली. मग म्हणाले, "जपानात साखळीने कविता करायची रीत होती. एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने दोन जोडायच्या. पण त्याला समोर माणूस लागतो, बाळ. हा कवी जाऊन तीनशे वर्षं झाली."

तिच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. आपण दुकानात असताना बाबा एकटे नव्हते तर. ती देवळात शिरल्यासारखी हळू पानं उलटत गेली. शेवटाकडे अक्षर डाव्या हाताचं, वेडंवाकडं झालं होतं.

'रोज येते, नखं कापते ही. / कोण, विचारायची लाज वाटते.'

तिने ते पान पालथं ठेवलं. म्हणजे ओळखत नव्हतेच. पुढचं पान उचलायला हात होईना.

बोटांना खळ लागलेली,
दारात थबकून वहाणा काढते:
तुमचीच लेक.

त्याखाली पेन्सिल इतकी दाबली होती, की कागद फाटायला आला होता.

'कळलं. पुढचं आता / तीच लिहील.'

ती घळाघळा रडली. किती तरी वेळ.

एकच पान उरलं होतं. मागची बाजू कोरी. पुढे तीन ओळी, आणि खाली पेन्सिलीचं काहीच नाही.

ऊन सरलं.
पान हातात धरून
ती अजून उभीच.

तिने खिडकीकडे पाहिलं. ऊन सरलं होतं.

ती खाली बसली. डोळे पुसले, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहिलं:

'दिवा लावू का, बाबा? / की अजून दिसतंय?'

लिहिता लिहिता बोटांखाली कागद खडबडीत लागला. पलीकडून छपाईचे खिळे दाबले की अलीकडे उमटतात, तसे मघाच्या कोऱ्या बाजूकडून आलेले बारीक उंचवटे.

तीन ओळींचे.