रोवण्याच्या बारा दिवसांची शिकवणी

त्या संध्याकाळी संघपालशी भांडून रुचिताच्या पदरात पडणार होता तो फक्त वांग्यांचा एक ढीग. तोही उतरत्या बाजारातला, दहा रुपयांचा, त्यातली चार वांगी किडकी. किडकं काढून टाकलं तर सव्वा किलो. जोडीला बटाटे टाकले, रस्सा जरा सैल ठेवला, तर अकरा डब्यांची भाजी. म्हणजे पंचेचाळीस रुपयांची बचत. पंचेचाळीस रुपयांसाठी रुचिता कुणाशीही भांडली असती. समोर तर कारखान्यातून नुकताच सुटलेला, हेल्मेटचा वळ अजून कपाळावर असलेला, पिशवीसुद्धा न आणलेला एक उंच पोरगा उभा होता... सोपं काम होतं.

"मी आधी हात ठेवला," ती म्हणाली.

"मी आधी पाहिला," तो म्हणाला.

"पाहायचे पैसे पडत नाई जी. हात ठेवला त्याचा माल."

भाजीवाली मंदाबाई पाल गुंडाळत होती. वरठीच्या बाजारात दिवसभर ओरडून तिचा घसा बसला होता, पण मजा बघायची हौस बसली नव्हती. "भांडा, भांडा. मले का? जो जिंकन त्याच्यापासून पंधरा घेतो."

रुचितानं त्या पोराला वरपासून खालपर्यंत एकदा मोजून घेतलं. "एकटे दिसता. इतक्या वांग्यायचं करणार का?"

"भाजी."

"कशी?"

तो घुटमळला. "चिरतो... तेलात टाकतो... तिखट, मीठ..."

"अन् मंग?"

"मंग जळते."

ती हसली. नको हसायला, असं ठरवूनही हसली. हसतानाही तिचं डोकं मात्र चालूच होतं. "असं करा. वांगी मले द्या अन् डबा माझ्याकडून घ्या. दोन टाइम, महिन्याचे अठ्ठावीसशे."

"पंचवीसशे."

"सव्वीसशे. वांगी माझी."

"मंजूर," तो म्हणाला, आणि वांगी उचलून तिच्या पिशवीत भरू लागला. त्यानं चारही किडकी वांगी निवडून बाजूला काढलेली बघून रुचिताला आश्चर्य वाटलं. याला दिसत होतं तर... मग भांडत कशाला होता?

हा प्रश्न तिनं घरी नेला. चुकलंच तिचं. उतरत्या बाजारातून घरी फक्त भाजी न्यावी.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी, आणि आई वच्छला. वडील नागपूरला गवंडीकामावर. महिन्याला त्यांच्याकडून पैसे तरी यायचे, नाहीतर कारण तरी. त्यामुळे घर चालायचं ते डब्यांवर, आणि डबे चालायचे रुचिताच्या डोक्यावर. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जायच्या. दोडक्याच्या शिरांची चटणी व्हायची. मुळा रश्श्यात, मुळ्याचा पाला बेसनात. भात शिजला की त्याची पेज कणकेत मुरायची, म्हणजे रात्रपाळीवाल्याचीही पोळी मऊ राहायची. राइस मिलमधून निम्म्या भावानं मिळणारी कणी मायलेकी स्वतः खायच्या, पण गिऱ्हाइकाच्या डब्यात कणीचा एक दाणा कधी गेला नाही. काटकसर ही आपल्या ताटात करायची, दुसऱ्याच्या नाही, एवढा एक नियम होता त्या घराचा.

आता अकराचे बारा डबे झाले. बाकीचे अकरा रिकामे डबे एक सायकलवाला गोळा करून आणायचा. बारावा स्वतः चालत यायचा. पहिली पाळी सुटली की संघपाल ओसरीच्या पायरीवर येऊन बसायचा, घासूनपुसून डबा ठेवायचा आणि सुपात जे काही निवडायला असेल ते निवडू लागायचा. वालाच्या शेंगा, मेथी, नाहीतर तांदळातले खडे.

"कारखान्यात काम नसते का तुमाले?" ती विचारायची.

"तिथं लोखंड निवडतो. इथं तांदूळ. आराम वाटते."

"मजुरी मिळणार नाई."

"मांगतली कोणी?"

तो सुपातून डोळे वर करायचा, ती नेमकी तेव्हा शेगडीकडे बघायची. ती बघायची, तेव्हा त्याला एकदम पुष्कळ खडे सापडायचे.

पुढच्या महिन्यात वच्छलाबाईनं डबे भरताना मुलीचा हात धरला. "बाकीच्यायच्या कढीत गोळे तीन. याच्या डब्यात चार कसे?"

"चुकून पडला."

"अन् काल?"

"कालही... चुकून."

"रोजच चुकून राहिली वो तू," आई म्हणाली आणि चौथा गोळा तसाच राहू दिला.

रोवणा लागला, तशी खरी पंचाईत आली. धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू झाली की या भागात हात मोकळा असणारी बाई घरी बसत नाही. त्या दहाबारा दिवसांत जी रोजी मिळते, ती पुन्हा वर्षभर कोणी देत नाही. त्यामुळे दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे रुचितानं डबे बंद केले. अकरा गिऱ्हाइकांनी हो म्हटलं. बारावा पायरीवरून उठेना.

"मंग मी बारा दिवस का खाऊ?"

"हॉटेलात जा."

"परवडत नाई. घरी कोंढा गावाले पैसे धाडा लागतात. बहिणीचं कॉलेज आहे."

"मंग उपास करा."

"तुमी शिकवा न," तो हळूच म्हणाला. "मास्तरीण लय कडक आहे, ऐकलं आहे... पण शिकतो मी."

आणि रुचितानं शिकवलं. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोवणी करायची, संध्याकाळी गुडघ्यापर्यंतचा चिखल धुवायचा, आणि ओसरीवर त्याची शाळा भरवायची. आई दारात बसून पाय चोळत सगळं बघायची. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की बोलायला जवळ सरकावं लागायचं... याबद्दल दोघांचीही तक्रार नव्हती.

पहिल्या दिवशी त्यानं कुकरमध्ये तांब्यानं पाणी ओतलं.

"थांबा! मापून टाकतात."

"कायनं मापू?"

"बोटानं." तिनं त्याचं बोट धरलं आणि तांदळावर उभं केलं. "पाणी पहिल्या पेरापर्यंत. खाली नाई, वर नाई."

तो पाण्याकडे बघतच नव्हता. "तुमची बोटं अशी काहून झाली? सुरकुतली..."

"दिवसभर पाण्यात आहेत. रोपं का हवेत लागतात?"

"दुखतात?"

"पाणी किती झालं, ते पाहा," ती म्हणाली. बोट मात्र तिनं जरा उशिरानं सोडलं. पहिलं पेर केव्हाच बुडालं होतं, दुसरंही. त्या दिवशी भाताची खीर झाली आणि तिघांनी ती गुमान खाल्ली.

पण पोरगा हुशार निघाला. एका शिटीनंतर गॅस बंद करायचा आणि उरलेलं वाफेवर सोडायचं, हे त्यानं दुसऱ्याच दिवशी उचललं. तिसऱ्या दिवशी फोडणीत तेल एक चमचा कमी टाकून वरण जमवलं. कोणती भाजी कोणत्या दिवशी घ्यायची, कोबीचा दांडा फेकायचा नाही, उरलेल्या भाताला सकाळी कांदा आणि हळद दाखवायची, सिलिंडर अडीच महिने कसं ओढायचं... बाराव्या दिवशी त्यानं एकट्यानं पूर्ण स्वयंपाक केला. वच्छलाबाईनं बोटं चाटली. "आता तुले कोणाची गरज नाई बाबू," ती म्हणाली.

"अशी कशी नाई!" संघपाल घाईनं म्हणाला. "उद्यापासून डबा सुरू करतो न..."

म्हणजे स्वतःचं रांधता येत असूनही तो महिन्याचे सव्वीसशे मोजत राहिला. काटकसरीच्या भाषेत हा शुद्ध मूर्खपणा होता. रुचिताला त्या भाषेतलं सगळं कळत होतं. हेही कळलं. कळल्यावर ती दोन दिवस फार छान कढी करत राहिली.

दिवाळी होऊन गेली. धान कापून झालं. एका दुपारी संघपाल कागद घेऊन आला. रायपूरजवळच्या एका कारखान्यात जागा निघाली होती. इथं सोळा हजार मिळत होते, तिथं एकवीस.

"जाणार?" तिनं विचारलं. हातातली पळी तशीच राहिली.

"ठरवलं नाई. पगार वाढते, पण खर्चही वाढते. तुमी हिशोब करून सांगा. परवडत असन तर जातो." तो थांबला. "नसन परवडत... तर इथंच आहो मी."

रुचितानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. त्या पानावर कशाचा फैसला होणार आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा माणूस उद्या या पायरीवर बसणार की नाही, याचा.

"पाच हजार वाढले. खोलीचं भाडं दोन हजारांनी जास्ती. कोंढ्याले येण्याजाण्याचे नऊशे. राहिले एकवीसशे." पेन्सिल भराभर चालत होती. "अन् तिकडची मेस?"

"शेहेचाळीसशे म्हणतात."

"म्हणजे माझ्या डब्यापेक्षा दोन हजार जास्ती. राहिले..."

राहिले शंभर रुपये. शंभर रुपयांसाठी वैनगंगा ओलांडून कोणी जात नाही. संघपालनंही ते मनातल्या मनात केलं असावं, कारण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, उजळलं. आणि इथं रुचिताची पेन्सिल थांबली.

शेहेचाळीसशे हा आकडा खोटा नव्हता. रायपूरला गेलेली सगळी पोरं मेसमध्येच जेवत होती. तो तसाच ठेवला असता, तर कोणी तिला बोल लावला नसता. पण समोर बसलेला हा पोरगा मेसमध्ये कशाला जेवेल? त्याला रांधता येत होतं. तिनंच शिकवलं होतं. आणि रुचिताच्या हिशोबात आजवर कोणाला चूक सापडली नव्हती, हाच तर त्या दोन खोल्यांतला एकुलता एक दागिना होता. मेसचा आकडा ठेवला, तर तो थांबेल... आणि एखाद्या दिवशी, बहिणीची फी भरताना, त्याला तो कागद आठवेल. एक आकडा वाकवून ठेवला, की जन्मभर त्याच्यावर पाळत ठेवावी लागते. असं तिला वाटलं. वय होतं तेवीस. तेविसाव्या वर्षी माणसाला आपला खरेपणा फार देखणा वाटतो.

तिनं शेहेचाळीसशे खोडले. खाली लिहिलं, एकोणीसशे.

"हे का?" त्यानं विचारलं.

"तुमी हातानं कराल त्याचा खर्च. गॅससकट." तिचा आवाज अगदी सरळ होता. "म्हणजे इथल्यापेक्षा अठ्ठावीसशे उरतात. दर महिन्याले."

त्यानं त्या आकड्यावरून एकदा बोट फिरवलं. "रोज रोज करीन का पण मी?" तो हळूच म्हणाला. "कटाळा येन एखाद्या वेळी..."

त्यानं दार उघडून धरलं होतं. तिनं नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाई येणार," रुचिता म्हणाली. "मी शिकवलं आहे."

"म्हणजे... जाऊ?"

"हिशोब तर जा म्हणते."

"अन् तुमी?"

ती पळी उचलून आत वळली. "मी हिशोबाच्या बाहेरचं का सांगणार?"

आठवड्यानं तो गेला. स्टेशनवर ती गेली नाही, बारा डबे भरायचे होते. अकरा, असं आईनं सुधारलं.

फोन यायचे. आधी दर रविवारी, मग पंधरा दिवसांनी, मग सणावारी. बोलणं बाजारभावाचं. रायपूरला टमाटे कितीला, इथं कितीला. भाव दोघांचे जुळायचे नाहीत आणि तेवढ्यावर पाच मिनिटं जायची.

मे महिन्यात, भर दुपारी, भांडी घासताना फोन वाजला.

"लग्न जमलं माझं," संघपाल म्हणाला.

"हो का? बरं झालं." तिनं नळ बंद केला. "कोण आहे?"

"इकडंच दवाखान्यात नर्स आहे. शिफ्टची ड्युटी असते तिची. पाहाले गेलो तर तिच्या माय-बापानं पहिलाच सवाल केला, पोराले रांधता येते का?"

"मंग?"

"येते म्हटलं. त्यायनं करून दाखव म्हटलं. भात, वरण, भाजी केली. तिच्या आजीनं दुसऱ्यांदा मांगतलं. तिथंच पक्कं झालं."

रुचिता हसली. खरंच हसू आलं तिला. "म्हणजे शिकवणी कामाले आली."

"हाव." मग तो म्हणाला, "एक सांगू? त्या दिवशी तुमी मेसचा आकडा ठेवला असता... तर पुढच्या रविवारी मी मायले घेऊन तुमच्या घरी येणार होतो. मायले सांगूनही ठेवलं होतं."

हातावरचा साबण वाळत होता. "मंग बोलले काहून नाई?"

"तुमचा हिशोब कधी चुकत नाई न," संघपाल म्हणाला. "मले वाटलं, तुमी मलेही त्यात धरून पाहिलं असन... अन् परवडलो नसन."

त्यानंतर तो काहीच बोलला नाही. तीही नाही. मग तिकडून कोणीतरी त्याला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

रुचितानं उरलेली भांडी घासली. घासता घासता तिनं सवयीनं जमाखर्च मांडला. त्या कारखान्याला हातानं रांधून खाणारा, म्हणून कधी पोट न बिघडलेला, एकही खाडा न करणारा माणूस मिळाला. कोंढ्याच्या घराला महिन्याचे अठ्ठावीसशे जास्तीचे मिळत होते, आणि त्यातून बहिणीचं कॉलेज सुटलं नाही, हे चांगलंच झालं. रायपूरच्या त्या अनोळखी पोरीला रात्रपाळीवरून घरी आल्यावर गरम जेवण मिळणार होतं. तिच्याबद्दल राग धरावा, तर तसं काही सापडेना. या सगळ्यासाठी संघपालनं काय भरलं? फोनवर तो गप्प राहिला होता, तेवढं त्याच्या नावावर धरता येत होतं... फार तर पंधरा सेकंद.

बाकीचं सगळं रुचितानं भरलं होतं.