मुखपृष्ठावरची बाई

माझे वडील अंबादास पेंटर. पूर्वी पुण्याच्या एका संगणक मासिकाची मुखपृष्ठं ते इकडं आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या माडीवर बसून रंगवायचे. तोवर त्यांनी खरा संगणक पाहिलाही नव्हता. रविवारी ट्रंक आवरताना मला १९८७चा एक अंक सापडला. जांभळं आकाश, अधांतरी टेबल, त्यावर हिरव्या अक्षरांचा जाडजूड मॉनिटर, समोर रिकामी खुर्ची. चित्र मला इतकं आवडलं, की फोटो काढून पेठेच्या फेसबुक ग्रुपवर टाकला.

पहिली कमेंट आली, "खुर्चीतली बाई कोण?"

मला चेष्टा वाटली. पण दुसऱ्यानं तिची निळी साडी सांगितली, तिसरीनं मनगटावरचं घड्याळ. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच बाई सांगत होती.

गणपती मिरवणुकीतल्या डॉल्बीविरुद्ध त्याच ग्रुपवर कुणीतरी निनावी पोस्ट लिहिली होती. मिरवणूक काढणारी तालीम मंडळाची पोरं आधीच भडकलेली. दुपारपर्यंत ठरलं, ती लिहिणारी ही चित्रातली बाईच. संध्याकाळपर्यंत नावही ठरलं. मागच्या गल्लीतली संयोगिता, हायस्कूलची शिक्षिका.

मी ग्रुपवरून फोटो हटवला. तोवर तो सगळ्यांच्या फोनमध्ये गेला होता. सकाळी संयोगिताच्या स्कूटरवर कुणीतरी डांबर ओतलेलं दिसलं.

अंक घेऊन मी केरबाकाकांच्या चहाच्या गाड्यावर गेले.

"काका, ही खुर्ची मोकळी हाय का न्हाय?"

त्यांनी हात पुसून अंक धरला. "बसलीया की बाई. तुला दिसत न्हाय व्हय?"

बाकावरची माणसं चहा प्यायची थांबली. ती चित्राकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

घरी बाबांनी चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं.

"मी मोकळीच काढलेली," ते म्हणाले.

"आणि आता?"

त्यांनी अंक पालथा ठेवला आणि आत गेले.

मी संयोगिताकडं गेले. तिचा नवरा मुलीला घेऊन गडहिंग्लजला, त्याच्या आईकडं गेला होता. दार उघडंच होतं. ती बाहेरच्या खोलीत ताठ बसली होती.

"तालमीत येतेस का माझ्याबरोबर? पोस्ट तू लिहिली नाहीस, हे मी सांगते."

"लिहिली की, अंतराताई." तिचा आवाज शांत होता. "आधी आठवत नव्हतं. आता आठवतंय. ती खुर्ची लोखंडी होती. पाठीला गार लागायची."

"अगं, तो अंक तुझ्या जन्माआधीचा आहे."



आतून करपल्याचा वास आला. मी धावले. दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळं पडलं होतं. गॅस बंद करून मी बाहेर आले. ती तशीच बसली होती. पदराची चुणीसुद्धा हलली नव्हती.

"संयोगिता, उठली का नाहीस?"

तिनं ओठ जेमतेम हलवले.

"चित्र अजून पुरं व्हायचंय. हलायचं नाही म्हणालेत."